पन्हा

जाळीचा रोल चार फुटी येतो.
बाकी सगळं त्यावरून ठरतं,
हे ह्यांना पटायला दोन संध्याकाळी गेल्या.
ह्यांचं एकच, दहा बाय दहा करूया की,
चौकोनी, देखणं.
मी म्हटलं, दहात चार दोनदा जातात
आणि दोन फूट उरतात.
त्या दोन फुटांसाठी अख्खा पन्हा उभा चिरायचा?
छत्तीस वर्षं ब्लाउज बेततेय मी खानापुरात.
चिंध्यांचा हिशेब मला विचारा.

म्हणून आठ बाय बारा.
विजेच्या बिलाच्या पाठीवर आखलं,
पुढून कानडी आकडे उमटलेले,
मागून माझी पेन्सिल.
दर चार फुटांवर खांब, मध्य ते मध्य,
म्हणजे जाळीची कड लाकडावरच टेकेल,
वरून पट्टी, पट्टीवर खिळे.
शिवण कधी हवेत पडू द्यायची नसते.

रविवारी इराप्पा बडिगेर आला,
कानावर पेन्सिल, पायात ह्यांच्याच जुन्या चपला.
परसात चालत चालत मोजू लागला:
नाक, एंट, हन्नेरड.
त्याचे बारा आणि माझे बारा
एकाच खुंटीवर येऊन थांबले.
मग त्याने कोपऱ्यातून कोपऱ्यात टेप धरला.
एकीकडून चौदा फूट दोन इंच,
दुसरीकडून चौदा फूट आठ.
‘ओरे आगेद री, अक्का.’
आमच्यात उरेप म्हणतात, मी म्हटलं.
पेरूकडच्या खुंट्या सरकवल्या, पुन्हा सरकवल्या,
दोन्हीकडून चौदा-पाच येईस्तोवर
चहाची साय धरली.

कापड उभं ओढा, दाद देत नाही.
आडवं, थोडंफार.
तिरपं ओढलं की मात्र सुटतं,
सगळा घेर अंगाबाहेर जातो.
चौकटीचंही तेच असणार,
जांबोटीकडून वारा आला की कोपराच धरणार तिचा.
म्हणून प्रत्येक कोपऱ्याला एक तिरपी काठी.
इराप्पाने माझ्याकडे असं पाहिलं,
जणू मी त्याची करवत वापरली होती.

खांब मातीत नकोत, वाळवी आहे.
प्रत्येकाखाली जांभ्याचा एक चिरा.
छपराचा उतार पश्चिमेकडे.
दार बाहेरच उघडायचं,
जाळीवर बसलेला डास दारासोबत आत यायला नको.
आपण डास म्हणतो, इराप्पा गुंगाड म्हणतो.
त्याचंच नाव बरोबर आहे,
कानाशी येऊन तो स्वतः तेच सांगतो.

गेल्या वर्षी सुनेच्या रक्तातल्या पेशी
रोज सकाळी फोनवर कळायच्या, आकड्यांत.
अकरा दिवस मी आकडे लिहून घेतले,
असेच, बिलाच्या पाठीवर.
ती घरी आली तेव्हापासून
दिवे लागणीला दारं-खिडक्या बंद,
आणि पेरूखालची तिची खुर्ची
भिंतीला टेकवून ठेवलेली.
हे कुणी बोललं नाही.
इराप्पाला मी एवढंच सांगितलं,
आत खुर्च्या पाच बसल्या पाहिजेत,
त्यातली एक आरामखुर्ची.

लाकूड नंदगडहून यायचंय,
ओलं आहे म्हणे, पंधरा दिवस धरा.
तोवर परसात दहा खुंट्या आणि सुतळी.
काल संध्याकाळी मी खुर्ची नेऊन आत बसले.
सून आली, काही न बोलता दुसरी मांडली.
डास येतच होते, भिंती कुठे होत्या.
आम्ही दोघी पाय झटकत बसलो.

हे चहा घेऊन आले, दोन्ही हात भरलेले.
सुतळी ह्यांच्या गुडघ्याखाली,
सहज ओलांडता आली असती.
थांबले.
मग फिरून पेरूच्या बाजूला गेले,
जिथे दोन खुंट्यांमध्ये सुतळी बांधलेली नाही,
तिथून आत आले,
आणि कप सांभाळत, वळून,
कोपराने
दार लावून घेतलं.